कृत्रिम अश्रू

निफाडचा पारा पाचावर आला की
ह्यांच्या डोळ्यांत वाळू येते.
सातपूरची पहिली पाळी, स्कूटर,
त्र्यंबक रोडचा वारा सरळ पापण्यांत.

"पाणी तर सारखं गळतंय, मग कोरडे कसे?"
मी गायधनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.
"कोरडे आहेत म्हणूनच गळतंय,"
आणि चिठ्ठीवर लिहून दिले
कृत्रिम अश्रू, दिवसातून चारदा.
मेडिकलवाला हसला नाही. मी हसले.

आता बाटलीवर उघडल्याची तारीख,
गोधड्या उन्हात, पापण्यांवर कोमट फडकं.
चोळायचं नाही म्हटलं की
हात मांडीखाली दाबून बसतात,
पहिलीतल्या पोरासारखे.

मान मागे. वर बघा. पंख्याकडे.
थेंब पडताना दरवेळी दचकतात.
गालावर ओघळलेलं मी पदराने
– नाही, पदर नको म्हणाल्यात –
कापसाने टिपते.

सासूबाई गेल्या तेव्हा रामकुंडावर
सगळे म्हणाले, रंगनाथ फार घट्ट मनाचा.
तोही डिसेंबरच होता.

काल रात्री विचारलं,
तेव्हाही असंच चुरचुरत होतं का हो?

थोडा वेळ पंख्याकडेच बघत राहिले.
मग म्हणाले,
दुसऱ्या डोळ्यात टाक.