कल्हई

तांबट आळीतली माणसं मोठ्यानं बोलतात.
भांडत नाहीत; ठोक्यांच्या वर जावं लागतं शब्दाला.
पद्माकरच्या बारशाला आत्यानं कानात
त्याचं नाव ओरडूनच सांगितलं असणार.

तो आवाज पुढं संघटनेला सापडला.
माइक बंद पडला तरी रविवार कारंज्यावरून
सरकारवाड्यापर्यंत पोचायचा.
मी भिंती रंगवायचो. घोषणा त्याची, अक्षर माझं.
रात्री दोनला शिडी धरून खाली उभा राहायचा,
म्हणायचा, धर्मावरचा रफार मोठा काढ,
पुलावरून दिसला पाहिजे.

त्याच्या बापानं हंडा घडवायचा,
कादरचाचानं आतून कल्हई करायची,
असा दोन घरांचा तीन पिढ्यांचा हिशेब.
कथील, नवसागर, कापसाचा बोळा,
आणि तो पांढरा धूर,
ज्यात आम्ही दोघं लहानपणी मुद्दाम खोकायचो.

भद्रकालीत दुकानं पेटली
त्या रात्री मी शिडी नेली नव्हती.
धूर काळा होता.
नवसागराचा वास त्यातूनही आला.
काडी कुणी लावली, पाहिलं नाही.
आवाज ऐकला.
कोर्टात तेवढंही बोललो नाही.

एकवीस आरोपी, सतरा वर्षं तारखा.
नाशिकरोडच्या जेलातून जामिनावर सुटला
तेव्हा हार घेऊन चार जीपगाड्या.
निर्दोष सुटला
तेव्हा एक रिक्षा, तीही मीच थांबवलेली.
वॉर्डाचं तिकीट द्राक्षं निर्यात करणाऱ्या कुणाला गेलं.
त्याला भिंती लागत नाहीत. फ्लेक्स लागतात.

आई शेवटपर्यंत ताक स्टीलमध्येच ओतायची.
पितळेत कळकतं, म्हणायची,
आणि मुलाकडं न बघता वाटी पुढं सरकवायची.
कादरचाचा मालेगावला लेकीकडं गेला, असं ऐकलं.
कुणी पत्ता विचारला नाही. मीही नाही.

आळी आता गप्प असते.
दोन-तीन हातोडे उरलेत, तेही दुपारी झोपतात.
पद्माकरचे गुडघे गेले, दात गेले,
आवाज तेवढा खाली उतरेना.
चहा सांगतो तर टपरीवरचं पोर दचकतं.

परवा दूध बाजारात गाठलं मला.
पिशवीत आईचं पातेलं,
तळाशी हिरवट डाग.
"कल्हई कुठं करून मिळते का रे आता?"
एवढंच विचारलं त्यानं,
नेहमीच्या आवाजात.

अत्तरवाला वळला. पाववाला वळला.
सायकलवरचं एक पोर पाय टेकून थांबलं.
मी पातेल्यात बघत राहिलो.