मी मारेन

डेन्मार्कहून आलेली बाई पहिल्या दिवशी
वर्गात उभी राहिली, छातीवर हात ठेवला
आणि पाठ करून आणलेलं मराठी म्हणाली :
मी मारेन.

तेवीस पोरांपैकी एकही हसलं नाही.
यल्लालिंगानं पाटी डोक्यावर धरली.
तस्लीम बाकाखाली गेली.
मागच्या दोघांनी हात पुढं केले, तळवे वर.
ही सवय आमच्याकडं येण्याआधीची.

मी दारात तांदूळ निवडत होते.
हसू आलं, अन् तिथंच विरलं.
म्हटलं, नाव आहे बे तिचं. नुसतं नाव.
पोरांना पटेना. तिला कळेना.
मला इंग्रजी येत नाही,
तिला त्या दोन शब्दांपुढचं मराठी.
शेवटी मीच झाडूची काडी घेतली,
माझ्याच हातावर मारून दाखवली
अन् तिच्याकडं बोट केलं.
कानापर्यंत लाल झाली.
मग फरशीवर बसली, पोरांच्या उंचीला येऊन,
अन् तास संपेपर्यंत उठली नाही.

चार महिने राहिली.
लाईट गेली की ओला टॉवेल मानेवर टाकून शिकवायची.
नळ पाचव्या दिवशी येतो हे कळल्यावर
अर्ध्या बादलीत न्हायला शिकली.
कडक भाकरी, शेंगाचटणी, नाक पुसत पुसत.
पोरांना तिनं शिकवलं गुडघा, कोपर, मंगळवार.
पोरांनी तिला शिकवलं, काय करलालीस बे.
ते ती अध्यक्षसाहेबांना म्हणाली, भर मीटिंगमध्ये.
चहाचा ट्रे माझ्या हातात होता,
कसा सांभाळला माझं मला माहीत.

मलाही शिकवायला बसली, रात्री, भांडी झाल्यावर.
तीस वर्षं विडी वळलेली माझी बोटं,
पेन्सिलसुद्धा वळायलाच बघायची.
तीन अक्षरं झाली : एन, ए, आर.
पुढची राहिली.

एकदा फळ्यावर भविष्यकाळ होता.
मराठीत कसं म्हणायचं, तिनं विचारलं.
यल्लालिंग उठला. खाईन. जाईन.
मग तिच्याकडं बघून, हळूच : मारेन.
सगळा वर्ग फुटला. ती सगळ्यात जास्त हसली.
आल्यापासून त्या पोराचे दात
मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

निघताना म्हणाली, मी येईन.
पाठ करून, छातीवर हात ठेवून,
नाव सांगावं तसं.

आम्ही तिला मोराची चादर दिली.
सगळ्यांनाच देतो. ऑफिसच्या कपाटात
दहा-बारा कायम घडी घालून असतात.

त्या रात्री पाच जणांनी अंथरूण ओलं केलं.
दरवेळी करतात. ते स्पेनचं जोडपं गेलं तेव्हा सात.
रजिस्टरमध्ये याला रकाना नाही.
सोलापूरची चादर भिजली की
माणसाएवढी जड होते, एकटीनं पिळत नाही.
अन् नळाचा दिवस परवा.

यल्लालिंग दोरीपाशी उभा.
मारेन म्हणाली, मारलं नाही.
येईन म्हणाली,
एवढं बोलून गप्प.
मी काय सांगणार?
म्हटलं, ते टोक धर. घट्ट.

दिवाळीनंतर तिचा फोटो आला.
तिचं घर, खिडकीबाहेर बर्फ,
अन् आमची चादर भिंतीवर,
चारी कोपऱ्यांना खिळे मारून, मोर ताठ.
ऑफिसातले म्हणाले, बघा, केवढा मान दिला.
मी पगाराच्या वहीत एन, ए, आर काढत होते,
मान वर केली नाही.

यल्लालिंगानं फोटो डोळ्यांजवळ नेला,
लांब धरला, परत जवळ नेला.
मग मला विचारलं,
तिकडं एवढी थंडी,
अन् ती पांघरती काय, नरसव्वा?