पान दोन-सतरा

इथे कुणी ध चा मा केलेला नाही.
कट नाही, कारस्थान नाही.
कॅन्ससमधल्या एका कारखान्यात
एकोणीसशे एक्क्याऐंशी साली
कुणीतरी टाकी मोजली, जमिनीवर,
विमान सरळ उभं असताना,
आणि लिहिलं : तळाचे पाच गॅलनही वापरता येतात.

सरळ उभं असताना येतात.

नाक खाली करून उतरताना
इंधन पुढे सरकतं, कलत्या परातीतल्या पाण्यासारखं,
आणि नळीचं तोंड मागे राहतं, कोरडं.

लेस्टर हर्बर्ट चाल्कीट्सिकला निघाला होता.
टपाल, कांद्याची पोती,
कुणाच्या तरी नातीची सायकल.
मार्चअखेर, उणे तीस.
नदीच्या वळणावर इंजिन गप्प झालं
तेव्हा काट्यावर चार गॅलन होते.

त्यानं बर्फावर टेकवलं.
विमानाचा एक पाय गेला,
त्याची दोन बोटं, मदतीची वाट पाहताना.
जबाबात त्याचं एकच वाक्य आहे :
काटा खोटं बोलला नाही.
पुढचं वाक्य त्यानं लिहिलं नाही.
ते माझ्या टेबलावर आलं.

मी अँकरेजला, सरकारी इमारतीत, चौथ्या मजल्यावर बसते.
आमच्या भाषेत ‘चुकलं’ हे क्रियापद नाही.
‘असुरक्षित स्थिती आढळून आली आहे’ असं म्हणायचं,
कुणाला, कुणामुळे, ते गाळायचं.
कर्ता गाळून लिहायची हाताला सवय होते.
घरीसुद्धा मी म्हणते, दूध उतू गेलं आहे.

मसुदा झाला. कायदेवाल्यांनी दोन स्वल्पविराम काढले,
एक परत घातला.
कंपनीनं कळवलं : आकडा चूक नाही, अपुरा आहे.
एका विमानमालकानं कळवलं :
वैमानिकाला अक्कल असते, त्याला कागद कशाला.
दोघांनाही मी उत्तर दिलं : आम्ही सहमत नाही.
हे मात्र कर्त्यासकट लिहिलं.

खर्चाचा तक्ता भरावा लागतो.
बाधित विमानं : दोनशे बारा.
मजुरी : प्रत्येकी अर्धा तास.
सुटे भाग : शून्य.
बोटांसाठी रकाना नाही.

अकरा महिने लागले.
त्या अकरा महिन्यांत रोज सकाळी
कॉफीच्या आधी मी उत्तरेचं हवामान पाहायचे,
तिकडे माझं कुणी नसताना.
दोनशे बारा विमानांत ते पान अजून होतं,
आणि मला ते तोंडपाठ होतं.

मग एका मंगळवारी आदेश निघाला.
तीस दिवसांच्या आत
पान दोन-सतरा काढावं,
नवं लावावं,
जुनं नष्ट करावं.

एकविसाव्या दिवशी फोर्ट युकॉनहून फोन.
वेल्मा फील्ड्स, हँगरची नोंदवही सांभाळते.
म्हणाली, कड्या उघडून बसलेय.
जुन्या पानावर पेन्सिलनं काहीतरी लिहिलंय, कडेला.
वाच, म्हटलं.
‘उतरताना सहाच्या खाली भरवसा नको.’
अक्षर माझ्या मामाचं आहे, ती म्हणाली.
तो गेला त्याला एकोणीस वर्षं झाली.

लेस्टरच्या विमानातल्या प्रतीचा समास कोरा होता.
मी ती प्रत पाहिली आहे. पुरावा क्रमांक नऊ.

तारेवर बराच वेळ नुसती खरखर.
तिच्याकडे बहुधा कुणीतरी चुलीत लाकूड टाकलं.
नष्ट करा म्हणता, ती म्हणाली,
मग हे कुठे ठेवू?
मी कलमं चाळली. मीच लिहिलेली.
समासाबद्दल त्यात काही नव्हतं.

शेवटी तिनंच विचारलं :
नव्या पानाला समास केवढा सोडलाय?

एक इंच, मी म्हटलं.

पुरेल, ती म्हणाली,
आणि कड्या मिटल्याचा आवाज आला.