एक होता, एक नव्हता

आयसुलूच्या वहीत दोन रकाने होते.
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे उझबेक,
मध्ये बोटभर कोरी जागा.
लोककथा नव्या साहित्यात कशी शिरते
यावर तिचा प्रबंध. तळाशीलला आली
गाऱ्हाणं ऐकायला, कुठल्याशा तळटीपेचं बोट धरून.
मी दुभाषा. माझं इंग्रजी आचऱ्याच्या हायस्कुलातलं,
तिचं ताश्कंदच्या वसतिगृहातलं;
या दोन बुटक्या खुंट्यांवर आम्ही वाक्यं वाळत घातली.

लवू घाडी रापण सांधत बसला होता.
“आधुनिक म्हणजे काय ता?”
म्हटलं, मोडलेलं, आणि शिवण न लपवता जोडलेलं.
त्याने जाळं वर धरलं : आज्याची सुतळी,
बापाचा नायलॉन, त्याचा स्वतःचा निळा दोर.
“मगे ही रापण आधुनिकच म्हणूक व्हयी.”
तिने लिहून घेतलं. मधल्या जागेत.

तुमची गोष्ट कशी सुरू होते?
बिर बोर एकान, बिर योक एकान.
एक होता, एक नव्हता.
मी म्हटलं, आमच्यात नगर असतं. आटपाट. असतंच.
ती हसली नाही.
आमच्या गावाला समुद्र होता, म्हणाली.
आजोबा कारखान्यात मासे डब्यात भरायचे.
कापसासाठी नद्या वळवल्या
आणि समुद्र उठून गेला.
बोटी आहेत अजून, वाळूत. सावलीला उंट बसतात.
मला वाटलं, नव्या कादंबरीतली प्रतिमा असेल;
तिने फोनवर फोटो दाखवला.

मी हे मालवणीत सांगितलं तेव्हा
लवूने सुई खाली ठेवली.
त्याच्यामागे सुरूची तीन झाडं मुळं वर करून पडलेली,
गेल्या साली तिथे कुणाचं तरी न्हाणीघर होतं.
उभा राहिला. नारळ नाही, विडा नाही.

बा देवा म्हाराजा,
ह्या चेडवाच्या गावचो दर्यो वाट चुकलो हा
— होय म्हाराजा
हय येवन आमची जमीन खाता हा
— होय म्हाराजा
तेका तेच्या घराकडे धाड रे म्हाराजा

होय म्हणायला आम्ही दोघंच.
तिसऱ्यांदा ती एकटीच म्हणाली, मा-रा-जा.
रेकॉर्डर चालू करायचा राहूनच गेला होता.

रात्री तिने विचारलं, ‘होय’ला इंग्रजीत काय?
‘येस’ सुचलं, पण ते फॉर्मवरच्या चौकटीतलं.
मग तिने देवनागरीतच काढलं ते,
चित्र काढतात तसं, जीभ दातांत धरून.

बाहेर भरती लागली होती.
कुणाची, ते मी विचारलं नाही.