नाकासमोर

सोहारच्या बाहेर, त्रेचाळीस नंबरच्या खांबापाशी
मी मोरचुदाची नळी वाळूत रोवतो,
बाटलीतलं थोडं पाणी ओततो,
कारण कोरडी वाळू काही बोलत नाही.
मीटरची दुसरी तार पाइपच्या टोकाला.
उणे आठशे नव्वद.
एकोणीस वर्षं जमिनीखालच्या लोखंडाला
मी एवढंच विचारत आलोय:
गंजतोयस का?

आज आकडा इतका शांत असायला नको होता.

सोमवारी रात्री ऋजुताचा फोन होता पुण्याहून.
सूर्यावर मोठा स्फोट झालाय, बाबा,
अब्जावधी टन तापलेला वायू,
आपल्याच दिशेनं.
गुरुवारी सकाळी मीटर बघा, थरथरेल.
मागे कुकरची शिट्टी झाली
आणि ती गॅस बंद करायला पळाली.

म्हणून आज चहा न घेताच निघालो.
खमीस अल-मक्बाली पिकअपचं इंजिन चालू ठेवून
एसीत बसलाय, गुडघ्यावर खजुरांचा डबा.
मी आकड्याकडे बघतोय.
आठशे नव्वद. आठशे एकोणनव्वद. आठशे नव्वद.

आणि फोन.
"नाही आला, बाबा. वळला."

वळला म्हणजे?

शेजारी एक विवर होतं म्हणे सूर्याच्या प्रभामंडळात,
तिथल्या चुंबकरेषा परत खाली येत नाहीत,
सरळ अवकाशात उघड्या सुटतात.
त्यांनी ह्याला बाजूला रेटलं,
जिकडे चुंबकाचा जोर विरळ, तिकडे.
"निघताना तोंड आपल्याकडेच होतं हो.
पहिल्या काही तासांतच सगळं ठरतं.
मी मेलीनं सरळ रेषेत मोजलं."
मग जरा थांबून,
"नाव ऋजुता ठेवलंत ना, त्याचा परिणाम."

मी हसलो. ती नाही हसली.

नाव मीच ठेवलं होतं.
आमच्या घरात सगळे नाकासमोर चालणारे,
वडील देवरुखच्या पोस्टात बत्तीस वर्षं, एकाच टेबलाशी.
माझंही तोंड भोसरीकडे होतं,
भागीदारीत लेथ मशीन घ्यायचं, गाळासुद्धा बघितलेला.
कोणी ढकललं असं आठवत नाही.
मेहुण्याचा एक फोन,
बँकेतल्या साहेबानं न बघता परत सरकवलेला कागद,
आणि मी मस्कतच्या विमानात खिडकीपाशी,
खाली ढग, हातात चॉकलेट.

खमीस काच खाली करून बोट दाखवतो.
कुंपणाच्या पलीकडे एक उंट,
मान समुद्राकडे, चालतोय मात्र उत्तरेला,
तारेला अंग घासत,
जिथे तार तुटलीय तिथपर्यंत.
"माझ्या चुलत्याचा," तो त्याच्या बाजारी हिंदीत म्हणतो,
"दोनदा हायवेवर गेला. दंड आम्ही भरला."

"मग गेला कुठे तो?" मी ऋजुताला विचारतो.
"कुठेच नाही. मोकळ्यात. तिकडे कोणी राहत नाही."
तिच्या आवाजात, का कोण जाणे,
पाहुणा येणार म्हणून घर आवरून बसलेल्या माणसाचा थकवा.
म्हणावंसं वाटलं, बाळ, पाइप वाचला ना.
म्हटलं नाही.
तिला चूक हवी तितका वेळ बाळगू दे.

सूर्य आता खांबाएवढा वर आलाय,
काहीच न झाल्यासारखा, मान भाजतोय.
त्याच्याकडे बघता येत नाही,
आणि त्याच्याभोवतीचं ते जे काही आहे
ते बघता आलं असतं तरी
मला वाटतं मी भोसरीलाच हात केला असता.

वहीत शेवटचा रकाना असतो, 'शेरा'.
एकोणीस वर्षं बहुधा कोराच सोडलेला.
आज लिहिलं: येणार होता. आला नाही.
सुपरवायझर विचारेल, कोण?

खमीस हॉर्न वाजवतो.
नळी पुसून पिशवीत ठेवतो.
चव्वेचाळीस नंबरचा खांब
इथून सरळ दिसतो,
पण रस्ता वाडीला वळसा घालून जातो.