चमचा

मिठबावच्या अलीकडे मागच्या चाकातली हवा गेली
आणि उजेडही गेला, दोन्ही एकाच वळणावर.
भोक कुठंय ते कळायला ट्यूब पाण्यात बुडवावी लागते,
आणि जवळ होती फक्त अर्धी बाटली.
बागेत एक दिवा दिसला, तिकडे सायकल ढकलत गेले.

मांगर होता तो.
घर खाली वाडीत, सत्यवती घाडींचं.
वर कलमांमध्ये नुसता मांगर:
तीन भिंती चिऱ्याच्या, चौथी पत्र्याची,
कौलांवर मोहोराची पिवळी भुकटी,
आत फवारणीचा पंप, खताची पोती, एक खाट,
आणि तिलकराम, अछामचा,
अठरा हंगाम इथले आंबे राखलेला
पण आंब्याला अजून आँप म्हणणारा.

त्यानं घाडीकाकींना फोन लावला.
त्या तिकडून ओरडल्या ते मला इथं ऐकू आलं:
"बाईमाणूस? एकटी? सायकलीर?
रवांदे, रवांदे.
तिका खाट दी, तू भायर नीज.
आणि पेजेक तांदूळ वायच जास्त घाल."

या सायकलीपायी मी कुठं कुठं झोपलेय.
केळशीला होड्यांच्या शेडमध्ये, जाळ्यांच्या ढिगावर,
सकाळी केसांत खवले.
एकदा बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात,
भिंती तिथल्या एप्रिलातही गार,
निव्वळ सवयीनं.
घरी विचारतात, हॉटेलं मिळत नाहीत का?
मिळतात की.
हॉटेलात मी दोनशे चार नंबर असते.

दाराला कडी होती, कोयंडा होता, खिट्टी नव्हती.
तिलकरामनं शिकवलं:
आतून हा चमचा घालायचा,
आधी दांडा, मग अर्धा फिरवायचा.
जरा वाकलेला होता तो, बरोबर तेवढाच.

पेज खाताना म्हणाला, आमच्याकडेही असतं असं,
गोठ म्हणतात.
म्हशी घेऊन उंच जायचं, चार महिने तिथंच.
तिथून बर्फ दिसतं.
आणि इथून काय दिसतं? मी विचारलं.
इथून मोहोर, तो म्हणाला.
ताट विसळून आला, आणि मग:
आणि पगार.

रात्रभर रातवा एकच लाकूड ठोकत होता.
समुद्र दिसत नव्हता, पण वारा फिरला की
कुणीतरी दूर तांदूळ पाखडल्यासारखा यायचा.
पौषातली थंडी पत्र्याच्या भिंतीतून आत आली.
बाहेर तिलकराम खोकला.
दोन गोधड्या माझ्याकडे होत्या.
एक नेऊन द्यावी, असं म्हणता म्हणता
झोप लागली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सकाळी बादली मिळाली, बुडबुडे मिळाले,
ठिगळ बसलं.
पैसे पोत्याखाली ठेवले, तो बघत नसताना,
आणि सुटले.
मुणग्याचा चढ, उतार, खाडीवरचा पूल,
हँडलला चिकटवलेली यादी: मालवण, भोगवे, शिरोडा.
आचऱ्याला खजूर खायला पाठीच्या खिशात हात घातला
तर हाताला चमचा.

पहाटे अंधारात दार उघडलं असेन
आणि नेहमी किल्ली ठेवते तसा ठेवला असेन.
एक चमचा. बाजारात दहा रुपयाला.
नवा घेऊन एसटीच्या कंडक्टरकडे देता आला असता.
पण नवा सरळ असणार.

तिथल्या चहावाल्यानं विचारलं, परत? का?
सांगितलं, दार उघडं राहिलंय.
घर खंय तुमचा? म्हणाला.
मी हातानंच उत्तरेकडे काहीतरी दाखवलं.

अकरा किलोमीटर.
जो उतार होता तो आता चढ.

दार उघडंच होतं, दगड लावून.
तिलकरामनं चमचा घेतला, शर्टाला पुसला,
पातेल्यातल्या चहात साखर ढवळली,
कान तुटलेला कप माझ्यापुढे सारला
आणि गोधड्यांची घडी न घालता
तशाच उन्हात टाकल्या, दोन्ही.

त्या दिवशी मालवण राहिलं.
मीही.