पोटखराबा

दुबईतल्या वकिलातीची खिडकी. टोकन एकशे बारा.
काचेमागचा पोरगा विचारतो, "मोबदला?"
"काही नाही."
"काही नाही म्हणजे किती लिहू?"
गावचा तलाठी असता, तर न विचारता लिहिता: निरंक.

रास अल खैमाहून पहाटेच्या बसने आले आहे,
अर्ध्या दिवसाची रजा.
दोडामार्गातले साडेसहा एकर, सर्व्हे नंबर तीन,
एकोणीस वर्षं समुद्राचं मीठ मोजून घेतलेले.
तेच माझं काम.
समुद्र एका पाइपातून आत येतो, दुसऱ्यातून पाणी होऊन जातो,
मधे मी, बाटली उजेडात धरून.
इथे रस्त्याकडेच्या कडुनिंबालाही नळी असते,
नळी तुंबली की आठवड्यात काडी.

जमीन घेतली तेव्हा वर रबर होता,
रांगेत, प्रत्येकाच्या पोटाशी वाटी.
माझ्या पाळीची शोशाम्मा म्हणाली,
"तोडू नको ग, आमच्या घराला रबरानेच स्लॅब घातला."
घातला असणार.
आणि फोनवर भाऊ, उमाजी:
"खुळावलंस काय गो? रानाक कोण जमीन दिता?
रान आपणहून घेता."
तेच तर, उमाजी.
आपण फक्त आडवं यायचं नाही.

खाली ओहोळाशी कानळाची सात झाडं उरली आहेत,
चिखलातून गुडघे वर काढून उभी.
गरुड येतो, फळ गिळतो,
बी टाकतो कुठेतरी रबराच्या रांगेत,
कुणाला न विचारता.
एवढ्याच तुकड्यापुढे सातबाऱ्यावर लिहिलंय:
पोटखराबा. लागवडीस अयोग्य. आकार नाही.
वाचून मला आधी वाईट वाटलं होतं.
आता वाटतं, उरलेलंही तसंच होऊ दे,
सगळेच्या सगळे साडेसहा एकर,
अयोग्य.

"इथे सही. इथे अंगठा."
'कायमस्वरूपी' या शब्दाच्या बरोबर खाली.
माझा व्हिसा दोन वर्षांचा,
तोही मार्चमध्ये संपतो.
पोरगा शिक्का मारतो, वर बघतो,
"मुलंबाळं?"
मी म्हणते, "एकशे तेरा आलाय तुमचा."

दुपारच्या पाळीला बाटली उचलली.
काचेवर निळा अंगठा उमटला,
त्याच्या रेघा झाडाच्या कापल्या बुंध्यासारख्या.
पुसला.
नमुना स्वच्छ लागतो.